तीनशे माणसं, एक तट: वेढ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ठाणे जिल्ह्यातल्या किल्ल्यांची माहिती छापली होती. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी वेढ्याबद्दलचे इथे एकत्र घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न जोडले आहेत. काही पत्रं लांबलचक होती, त्यांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

‘गडावर तीनशे, खाली वीस हजार’ असं नेहमी वाचतो. वीस हजारांनी एकदम चढाई केली तर तीनशे जण काय करणार? की आकडेच फुगवलेले असतात? (वाशी)

आकडे फुगवलेले असतात, आणि ते दोन्ही बाजू फुगवतात. पण खरे आकडे हाती आले तरी कोडं सुटत नाही. वीस हजार माणसं एकदम लढूच शकत नाहीत.

आधी गडावरचा हिशेब करू. तीनशेपैकी तीसएक आजारी किंवा जखमी धरा. पाणी, स्वयंपाक, दारूगोळा आणि डागडुजी यांत चाळीस गुंतले. राहिले दोनशे तीस. माणसाला झोप लागतेच, म्हणून तीन पाळ्या. म्हणजे एका वेळी तटावर साधारण पंच्याहत्तर. समजा गडाचा घेर दीड किलोमीटर आहे आणि त्यातला नऊशे मीटर सरळ तुटलेला कडा आहे. तिथे चार टेहळे पुरतात. उरलेल्या सहाशे मीटर तटावर दर आठ मीटरला एक माणूस येतो. विरळच आहे, पण शत्रू कुठून येणार हे ठाऊक असेल तर चालतं. सह्याद्रीतल्या डोंगरी किल्ल्यावर ते बहुतेक ठाऊक असतं: दरवाजाची वाट, एखादी घळ, आणि माची जिथे डोंगराच्या सोंडेला जोडलेली असते ती चिंचोळी खिंड.

हाच घेर सपाटीवरच्या भुईकोटाचा असता तर दीड हजार मीटरला माणूस पुरवावा लागला असता, म्हणजे वीस मीटरला एक. तेवढ्या अंतरात अंधारात शिडी लागते. म्हणून थोड्या शिबंदीला, म्हणजे किल्ल्यावरच्या शिपायांना, मोठा किल्ला म्हणजे संकट. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्याच्या कारभारावरच्या जुन्या ग्रंथात, किल्ल्याला एकच दरवाजा असणं हा ऐब म्हटला आहे, दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात असं सांगितलं आहे. पण त्याच जागी असंही बजावलं आहे की रोजच्या राबत्याला लागतील तेवढेच उघडे ठेवावेत, बाकीचे चिणून टाकावेत. त्यामागे हाच हिशेब आहे.

आता खालचे वीस हजार. त्यांत मोतद्दार, बेलदार, भिस्ती, बाजारकरी, नोकरचाकर असे बुणगे मोठ्या संख्येने असतात. लढणाऱ्यांतले पुष्कळ घोडेस्वार, आणि गडाच्या वाटेवर घोड्याचा काही उपयोग नाही. ती वाट दोन-अडीच मीटर रुंद असली तर तीन-चार माणसं खांद्याला खांदा लावून चढतात. वरून धोंडे, बाण, होके (फेकायचे दारूचे गोळे) आणि बंदुकीचा मार. पहिले दहा पडले की मागच्यांची वाट त्यांनीच अडते.

शिवाय खालच्यांना रोज जेवायला लागतं. माणशी सहाशे ग्रॅम धान्य म्हटलं तरी वीस हजारांना दिवसाला बारा टन. पाच हजार घोड्यांना चार-चार किलो चंदी दिली तर आणखी वीस टन, वैरण वेगळी. एका बैलाच्या पाठीवर शंभर-सव्वाशे किलो जातं. म्हणजे छावणीत रोज तीनशेच्या आसपास लादलेले बैल पोचले पाहिजेत. धान्याची पेठ तीन दिवसांच्या वाटेवर असेल तर जाऊन-येऊन सहा दिवस, म्हणजे सतराशे-अठराशे बैलांची साखळी अखंड चालू हवी. वंजाऱ्यांचे हे तांडे लुटणारी फौज बाहेर हिंडत असेल तर वेढा घालणाराच उपाशी मरतो. जिंजीत डिसेंबर १६९२ मध्ये संताजी-धनाजींनी हेच केलं. रसद तुटली आणि मोगल सेनापती जुल्फिकारखानाला वेढा उठवून वांदिवाशकडे मागे सरावं लागलं. पुढे १६९८ ला जिंजी पडली, पण मधली वर्षं मिळाली ती गडाखालच्या या लुटीमुळे.

गडावर इतकी पाण्याची टाकी कशाला खोदली? आमच्या सोसायटीला दोन टाक्या पुरतात! (नेरूळ)

सोसायटीच्या टाकीत रोज नळाने पाणी येतं. गडावरचं टाकं पावसाळ्यात भरलं की पुढच्या पावसापर्यंत तेच. ऑक्टोबर ते मे धरले तर दोनशे चाळीस दिवस.

माणशी पाच लिटर धरू. यात पिणं आणि शिजवणं भागतं, अंघोळ नाही. तीनशे माणसं गुणिले पाच गुणिले दोनशे चाळीस म्हणजे ३,६०,००० लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट खोल टाक्यात २८,३०० लिटर मावतात. अशी तेरा टाकी लागतील. इथवर सोपं आहे. पण उघड्या टाक्यातलं पाणी उडून जातं. आठ महिन्यांची सरासरी रोज अर्धा सेंटिमीटर धरली तर एक मीटर वीस सेंटिमीटर, म्हणजे चार फूट पाणी कोणी न पिताच गेलं. दहा फुटांतले चार. म्हणजे तेराच्या जागी एकवीस-बावीस टाकी हवीत. खांब सोडून आत कोरलेली, वर खडकाचं छत असलेली टाकी म्हणूनच मोलाची. ती खोदायला अवघड, पण ऊन आत शिरत नाही आणि शेवाळही कमी धरतं. गडावर फिरताना टाकी मोजाल तेव्हा उघडी किती आणि झाकलेली किती हे वेगळं मोजा, त्या गडाला किती माणसं पेलवत होती याचा अंदाज येतो.

पाणी कमी होण्याचं आणखी एक कारण म्हणजे गळती. आपला काळा खडक एकसंध दिसतो, पण दोन थरांच्या मधल्या तांबड्या मातकट पट्ट्यातून पाणी झिरपतं. त्या पट्ट्याला टाकं लागलं तर चुन्याचा गिलावा दिल्याशिवाय पाणी टिकत नाही.

आज्ञापत्रातली पाण्याबद्दलची सूचना फार व्यवहारी आहे. गडावर झरा आहे, पाणी पुरतं, म्हणून निश्चिंत राहू नका. झुंज सुरू झाली की तोफांच्या आवाजाखाली झरे आटतात आणि पाण्याचा खर्चही वाढतो, म्हणून जखिऱ्याचं पाणी म्हणून दोन-चार टाकी वेगळी ठेवा आणि त्यांना हात लावू देऊ नका. झरे आटण्याचं कारण पटो न पटो, खर्च वाढतो हे अगदी खरं. तापलेली तोफ ओल्या पोताऱ्याने पुसावी लागते, छपरांवर पडलेली आग विझवावी लागते, जखमा धुवाव्या लागतात. आणि घेऱ्यातली गावं बायकामुलांसह, गुरांसह वर आश्रयाला येतात. एक म्हैस दिवसाला दहा माणसांएवढं पाणी सहज पिते. वेढ्याच्या पहिल्याच आठवड्यात जनावरं कापायची, हाकलायची की ठेवायची हा निर्णय किल्लेदाराला घ्यावा लागे, आणि तो टाळणारा पुढे अडचणीत येई.

धान्य किती साठवत? (ऐरोली)

वरच्याच तीनशे माणसांना, वरच्याच मुदतीसाठी, माणशी सहाशे ग्रॅमने ४३२ क्विंटल. नाचणी वर्षानुवर्षं टिकते, तिला कीड सहसा लागत नाही. तांदूळ कांडून ठेवला तर पोरकिडे लागतात, म्हणून भातच ठेवायचं आणि लागेल तसं कांडायचं. कांडणारे हात मात्र मोजणीत धरायचे. मीठ विसरलं तर सगळंच अडतं.

धान्यापेक्षा लोक विसरतात ते सरपण. माणशी रोज एक किलो लाकूड म्हटलं तरी आठ महिन्यांचं ७२ टन होतं, म्हणजे धान्याच्या दीडपटीहून जास्त. ते आणायचं कुठून? गडाच्या घेऱ्यातली झाडी तोडायची नाही, कारण तीच शत्रूची वाट अडवते आणि तिच्यात बंदूकवाले बसवता येतात. आज्ञापत्र म्हणतं, तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये. म्हणजे लाकूड लांबून, शांततेच्या दिवसांत, आणून रचून ठेवायचं. रचलेलं लाकूड पावसात भिजलं की जळत नाही. कोरडं धान्य आहे आणि शिजवायला जाळ नाही, अशी अवस्था येते.

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला, असं तुम्ही लिहिलंत. तिथे कधी वेढा पडला होता का? (कोपरी, ठाणे)

पडला होता, आणि थोडक्यांनी पुष्कळांशी झुंजण्याचं आपल्या दाराशी असलेलं उदाहरण तेच आहे. दुर्दैवाने ठाणेकरांनाच ते माहीत नसतं.

किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला. बांधकाम अपुरं असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. पुढे सदतीस वर्षांनी, पेशवाईत वारसाचा वाद पेटलेला असताना, मुंबईकर इंग्रजांचा साष्टीवर डोळा होताच. पोर्तुगीजही आपला जुना मुलूख परत घ्यायला आरमार पाठवताहेत अशी बातमी आली आणि इंग्रजांनी घाई केली. आधी किल्लेदाराशी पैशांची बोलणी झाली, ती फिसकटली. मग १२ डिसेंबर १७७४ ला जनरल गॉर्डन सुमारे सहाशे गोरे आणि हजार शिपाई घेऊन निघाला. आरमाराची बाजू कमोडोर वॉटसनकडे होती. वेढ्याच्या तिसऱ्याच दिवशी वॉटसन जबर जखमी झाला आणि त्यातच मेला.

२० डिसेंबरला इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या. आठवडाभराच्या माऱ्याने तटाला खिंडार पडलं, पण मधे खंदक होता. भुईकोटात खिंडारावरून आत जायचं तर आधी खंदक भरावा लागतो: फांद्यांच्या मोळ्या, मातीच्या गोण्या, जे मिळेल ते टाकत. हे काम करणाऱ्याच्या हातात बंदूक नसते आणि तो तटापासून अगदी जवळ असतो. २७ तारखेला इंग्रजांनी खंदक भरायचा प्रयत्न केला तेव्हा आतल्या मराठ्यांनी तो उधळला. शंभर गोरे मेले किंवा जखमी झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र हल्ला आत घुसला आणि शिबंदीतली बहुतेक माणसं कापली गेली.

इथे शिबंदी काय चुकली, असं विचाराल तर फारसं काही नाही. ठाण्याचा किल्ला सपाटीवर, खाडीकाठी. समुद्र ज्याच्या ताब्यात त्याला दारूगोळा मुंबईहून होड्यांनी येतो, त्याच्या रसदीची साखळी तोडायला जागाच नाही. आणि डिसेंबर म्हणजे पाऊस नाही, दारू कोरडी. आत्ता तिथे कारागृह असल्यामुळे सहज आत जाता येत नाही, पण बाहेरून तट पाहताना खाडी किती जवळ होती हे लक्षात घ्या. आज भराव आणि इमारतींमुळे तो अंदाज येत नाही.

सुरुंग लावताहेत हे आतल्यांना कळायचं कसं? आणि कळलं तरी करायचं काय? (घणसोली)

आधी जमीन पाहायची. कठीण काळ्या खडकात छिन्नी-हातोड्याने दिवसाला हातभर पुढे जाणंही मुश्किल, म्हणून डोंगरी किल्ल्यावर सुरुंगाला महिने लागतात आणि तो बहुतेक मुरमाचा पट्टा शोधत जातो. भुईकोटाखाली माती असते, तिथे काम वेगात होतं. चाकणला तेच झालं. २१ जून १६६० ला शायिस्ताखानाने वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा आणि तीन-साडेतीनशे लोक. भर पावसात, जवळजवळ आठ आठवडे किल्ला टिकला. शेवटी मोगलांनी मोर्च्यातून, म्हणजे तटासमोर खणलेल्या आडोशातून, बोगदा काढून ईशान्येच्या बुरुजाखाली दारू भरली आणि १४ ऑगस्टला तो बुरूज माणसांसकट उडवला.

सुरुंगाची सुरुवात शत्रूच्या मोर्च्याआड होते, त्यामुळे तोंड दिसत नाही. दिसते ती माती. बोगद्यातून निघणारी माती कुठेतरी टाकावीच लागते. मोर्च्यामागे ढीग रोज वाढतो आहे, तिचा रंग वरच्या मातीहून वेगळा आहे, आणि पाट्या वाहणारी माणसं एकाच जागी ये-जा करताहेत, हे तटावरच्या टेहळ्याने टिपलं पाहिजे. दुसरी खूण आवाजाची. रात्री छावणी शांत झाली की तटाच्या पायथ्याशी, आतल्या बाजूने, दर वीस-पंचवीस पावलांवर पाण्याने काठोकाठ भरलेली परात ठेवायची. खाली कुदळ चालत असेल तर पाण्यावर बारीक तरंग उठतात. जमिनीवर ठेवलेल्या ढोलाच्या कातड्यावर चार दाणे टाकले तर ते थरथरतात. एका परातीत तरंग दिसले म्हणून तिथेच खणायला घेऊ नये. शेजारच्या दोन-तीन परातींशी ताडून दिशा ठरवायची, नाहीतर चुकीच्या जागी खणण्यात माणसं दमतात.

मग तीन उपाय. आडवा बोगदा खणून त्यांच्या बोगद्यात शिरायचं आणि तिथेच मारामारी करायची, किंवा पाणी सोडून दारू भिजवायची. पाणी मोजकं असलेल्या गडावर दुसरा उपाय महाग. तिसरा, सगळ्यांत खात्रीचा: उडणार असं वाटतं त्या बुरुजाच्या मागे, पंधरा-वीस पावलं आत, अर्धवर्तुळात मातीचा दुसरा बांध घालून ठेवायचा आणि बुरुजावर नेमकेच लोक ठेवायचे. चाकणला असा बांध तयार होता. बुरूज उडाल्यावर मोगल आत धावले ते त्या बांधासमोर अडले. वरून बाण, बंदुका, दगड यांचा मारा झाला आणि उरलेला दिवस त्यांना तिथेच काढावा लागला. किल्ला पडला तो दुसऱ्या दिवशी. मोगलांचे २६८ मेले आणि ६०० जखमी झाले, ही त्यांचीच नोंद आहे. आत होते त्यांच्या जवळजवळ तिप्पट.

सुरुंग लावणाऱ्याचंही चुकतं. दारू भरल्यावर बोगदा मागून दगडमातीने गच्च ठासून बंद करावा लागतो. स्फोटाला सोपी वाट मिळेल तिकडे तो जातो. साताऱ्याला १३ एप्रिल १७०० रोजी औरंगजेबाच्या डोळ्यांदेखत दोन सुरुंग उडवले. पहिल्याने तट आत कोसळून गडावरचे लोक गाडले गेले, किल्लेदार प्रयागजी प्रभूंना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. दुसरा उलटा बाहेर फुटला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीने उभ्या केलेल्या फौजेवर कडा कोसळला. सुमारे दोन हजार मोगल मेले. तरीही आठवडाभरात गड गेला, कारण राजाराम महाराज मार्चमध्येच वारले होते आणि वाट पाहायची ती मदत येण्याची आशा मावळली होती.

पावसाळा आला की वेढा उठायचाच ना? (कळवा)

चाकणचं वर आलंच, त्यामुळे ‘च’ काढा. पन्हाळ्याचा सिद्दी जौहरचा वेढाही १६६० च्या पावसात चालूच होता.

पाऊस दोघांनाही छळतो. दारूतला सोरा अशुद्ध असला की हवेतली ओल ओढतो, कोळसाही ओढतो. दारू गुठळते आणि मग भुसकन जळते, गोळा रेटत नाही. आज्ञापत्रात आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण, होके बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावेत असं आहे. जुलैत ऊन कुठून आणणार? म्हणून दारूखान्याची जागा आणि मडक्यांची तोंडं बंद करणं हे काम मे महिन्यातच संपायला हवं. तोड्याच्या बंदुकीचा तोडा, म्हणजे बत्तीची दोरी, तासाला साधारण वीतभर जळतो. तीस पहारेकऱ्यांनी रात्रभर पेटता ठेवला तर बारा तासांत अडीचशे फुटांहून अधिक दोरी संपते, आणि भिजला तर पेटतच नाही. अशा रात्री धोंडे, तलवार आणि भाला यांवरच भरवसा.

वेढा घालणाऱ्याचे हाल पावसात अधिक, कारण तो उघड्यावर असतो. खेळणा, म्हणजे विशाळगड, औरंगजेबाने डिसेंबर १७०१ ते जून १७०२ असा वेढला. परशुराम त्रिंबकांनी पाऊस तोंडावर येईपर्यंत ताणून धरलं आणि मग दोन लाख रुपये घेऊन गड खाली केला. परतताना ओढ्यांना आलेल्या पुरात मोगल फौजेला पन्हाळ्यापर्यंतचे तीसएक मैल कापायला महिन्याहून अधिक लागला. जनावरं, तंबू, माणसं वाहून गेली. बादशहाच्या खात्यात हा विजय धरतात!

नाशिकजवळच्या रामशेजवर खरंच लाकडी तोफा होत्या? (सीवूड्स)

मोगल इतिहासकार खाफीखानाने तसं लिहिलं आहे: गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकडं पोखरून, कातडं चढवून काम भागवलं. लाकूड रेषेत चिरतं, म्हणून बाहेरून ओलं कातडं घट्ट आवळायचं. ते वाळताना आणखी आवळतं. दारू कमी घालायची, गोळा हलका. दूरचा मारा किंवा भिंत फोडणं तिला जमत नाही. पण वरून खाली, जवळ आलेल्या गर्दीवर दगडगोटे उडवायला बऱ्याच कामाची. काही बारांनंतर ती फुटणारच, त्यामुळे बत्ती लांब काठीने द्यायची.

फितुरी कशी रोखत? एका माणसाने दरवाजा उघडला की सगळं संपलं. (बेलापूर)

एका माणसाच्या हाती दरवाजा द्यायचाच नाही, हे शिवकाळातलं उत्तर. सभासद बखरीनुसार गडावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस एका दर्जाचे, कारखानीस वेगळा, आणि हे मुद्दाम निरनिराळ्या जातींतले. मोठ्या गडाला तटसरनौबत. दहा लोकांवर एक नाईक. एकाने गड द्यायचं ठरवलं तरी बाकीचे अडवतील.

पण माणूस योग्य असेल तर एकट्यावरही किल्ला तरतो, आणि तो गेला की पडतो. याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, शहापूरजवळच्या माहुलीवर आहे, आणि तिथे आत मोगल होते. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी रात्री शिड्या लावून चढायचा प्रयत्न केला. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता, त्याने तो हाणून पाडला. पण वरिष्ठांकडून मदत येत नाही हे ओळखून त्याने पुढे किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी अलावर्दी बेग आला. जूनमध्ये मराठ्यांनी माहुली घेतली तेव्हा अलावर्दी बेग आणि दोनशे लोक मारले गेले. कडे तेच, टाकी तीच.

दुसऱ्या एका पत्रात विचारलं आहे की कौल (अभयाचं वचन) घेऊन गड देणं म्हणजे फितुरीच का. नाही. खिंडार पडलं, मदतीची आशा नाही, अशा वेळी किल्लेदाराजवळ विकायला एकच गोष्ट उरते: शेवटच्या हल्ल्यात शत्रूची जी माणसं मरतील ती. हल्ला होण्याआधीच तिला किंमत असते. वसईच्या पोर्तुगीजांनी मे १७३९ मध्ये बुरूज उडाल्यावर, दोन दिवस झुंजून, वेळेत बोलणी केली. चिमाजीअप्पांनी त्यांना शस्त्रं आणि निशाणांसह बाहेर पडू दिलं. ठाण्याच्या शिबंदीचं काय झालं ते वर आलंच आहे.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये यंदा दिवाळीच्या किल्ल्यात वेढा दाखवायचा आहे. काय काय हवं? (खारघर)

सगळ्यांत आधी प्रमाण ठरवा. बाजारातला दहा सेंटिमीटरचा मातीचा मावळा साठ सेंटिमीटरच्या डोंगरावर ठेवला की वेढा दाखवताच येत नाही. १:५०० धरा. दोन मीटर बाय दोन मीटरची जागा म्हणजे एक किलोमीटरचा चौरस. तीनशे मीटरचा डोंगर साठ सेंटिमीटर होतो, सहा मीटरचा तट बारा मिलिमीटर, आणि माणूस साडेतीन मिलिमीटर, म्हणजे साबुदाण्याचा दाणा. त्या प्रमाणात दहा सेंटिमीटरचा मावळा पन्नास मीटर उंच, सोळा मजली होतो. मावळे ठेवायचेच असतील तर बाजूला, पाटीजवळ ठेवा.

डोंगर विटा आणि गोणपाटावर लाल मातीचा करा, मातीत थोडा भुसा मिसळा म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात भेगा कमी पडतील. उतार एकसारखा नको. सह्याद्रीचे थर दाखवायला तीन-चार ठिकाणी सरळ कडा कापा, मधे उताराचे टप्पे ठेवा. हळीव आठवडाभर आधी, फक्त टप्प्यांवर पेरा. कड्यावर गवत आलं तर तो कडा वाटत नाही. वरचा माथा पन्नास बाय वीस सेंटिमीटर पुरे. टाकी बोटाने दाबून करा आणि तळाला प्लास्टिक घाला.

शत्रूच्या तोफा तटापासून साठ-ऐंशी सेंटिमीटरवर, शक्यतो शेजारच्या टेकडीवर. पुरंदरला १६६५ मध्ये मोगलांनी शेजारचा वज्रगड आधी घेतला तो याचसाठी, तिथून पुरंदरची माची माऱ्यात येते. एकेक मोठी तोफ वर चढवायला त्यांना तीन-साडेतीन दिवस लागले होते, तेव्हा टेकडीवर तोफा तीनच ठेवा, तीस नको. तिथून तटाकडे जाणारे खंदकवजा मोर्चे नागमोडी काढा. सरळ काढले तर वरून एकच गोळा लांबीभर फिरतो, हे मुलांना दोरी धरून दाखवता येईल. दमदमा म्हणजे लाकूड-मातीचा उंच मचाण, तो काड्यांचा दोन सेंटिमीटरचा. मुख्य छावणी मात्र डोंगरापासून दीड किलोमीटर, म्हणजे तीन मीटर लांब जाते. ती चौरसात बसणार नाही, पार्किंगच्या भिंतीकडेला मांडावी लागेल, आणि तिच्याजवळ ओढा दाखवायला विसरू नका. गडाकडे तोंड केलेल्या मोर्च्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. छावणीकडे येणारी बैलांची रांगही काढा, मोहरीच्या दाण्यांची चालेल, आणि ती चौरसाच्या बाहेरपर्यंत न्या.